बॅरिस्टर अंतुले आणि सिमेंटचं परमिट

हे जे दिसतंय ते ओरोसचं कलेक्टर ऑफिस. 1 मे 1981 ला रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा काढला, त्याआधी दोडामार्गकडच्या माणसाचं कलेक्टरकडे काम निघालं की थेट रत्नागिरी. त्याच दिवशी जालना जिल्हा झाला, त्याच वर्षी कुलाब्याचं रायगड झालं. हे सगळं करणारा मुख्यमंत्री आमच्या कोकणातला, श्रीवर्धनचा आमदार, बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. जून 1980 ला खुर्चीत बसले आणि निर्णयांचा सपाटाच लावला. संजय गांधी निराधार योजना तेव्हाचीच, आजही म्हाताऱ्या बायका बँकेच्या लाइनीत उभ्या असतात ना, ती.

आता ही गोणी बघा. आज दुकानात जाऊन कितीही उचला, पण तेव्हा सिमेंटवर कंट्रोल होता. केंद्र राज्याला कोटा देणार, राज्य तो वाटणार. साध्या घरावर स्लॅब टाकायचा तरी अर्ज करा, परमिटची वाट बघा, मिळालं तर मिळालं, नाहीतर ब्लॅकने घ्या. मुंबईत टॉवर उभे राहत होते, बिल्डरांना सिमेंट पाहिजे होतं आणि ते कुणाला किती द्यायचं हे मंत्रालयात ठरत होतं. म्हणजे खरी ताकद सहीत होती.

त्यातच अंतुल्यांनी ट्रस्ट काढला, इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. उद्देश चांगला, अडचणीतल्या साहित्यिक-कलावंतांना मदत. बिल्डरांचे चेक तिकडे जमा होऊ लागले आणि इकडे त्यांना सिमेंट सुटू लागलं.

हे कात्रण 31 ऑगस्ट 1981 चं, इंडियन एक्स्प्रेस, पत्रकार अरुण शौरींनी हा सगळा व्यवहार छापून आणला. विधानसभेत गदारोळ, जनता पक्षाचे पा. बा. सामंत कोर्टात गेले. आणि ही हायकोर्टाची इमारत, इथेच जानेवारी 1982 मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणगी आणि सिमेंट यांचा संबंध होता असा निकाल दिला. अंतुल्यांनी राजीनामा दिला. गंमत म्हणजे फेब्रुवारी संपता संपता केंद्रानं सिमेंटवरचा कंट्रोल अर्धामुर्धा उठवला. तो वर्षभर आधी उठला असता तर कोकणचा मुख्यमंत्री टिकला असता, असं मला तरी वाटतं.

पुढे भाजपच्या रामदास नायकांनी अंतुल्यांवर केलेली फौजदारी केस बरीच वर्षं चालली. 1984 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की भारतीय दंड संहितेच्या व्याख्येत आमदार लोकसेवक बसत नाही, सबब खटल्याला सरकारची परवानगी लागत नाही. केस हायकोर्टाकडे दिली, पण 1988 ला सुप्रीम कोर्टाच्याच सात न्यायाधीशांनी ती तिकडे देण्याचा आदेशच चुकीचा ठरवला. दरम्यान अंतुल्यांचं राजकारण काही थांबलं नाही, 1989 ला खासदार, 1995 ला केंद्रात आरोग्यमंत्री, 2006 ला अल्पसंख्याक खातं. 2009 ला अनंत गीतेंनी रायगडात हरवलं, डिसेंबर 2014 मध्ये गेले.

आंबेत हे अंतुल्यांचं गाव, तिथली माणसं काय म्हणतात ते त्यांच्याच तोंडून ऐका.