ईमेल सिस्टीम घेताय? आधी बुकिंगवाल्याला विचारा

नमस्कार मंडळी. आज बोलणार आहे ते नाट्यसंस्था, संगीत मंडळं, छोट्या आर्ट गॅलऱ्या चालवणाऱ्यांशी, म्हणजे जिथे कार्यक्रम भरपूर असतात पण लोकांना कळवणारा माणूस एकच, तोही अर्धवेळ, आणि पोस्टरही तोच लावतो.

ईमेल पाठवायची सिस्टीम घ्यायची ठरली की मीटिंगमध्ये पहिला तास जातो टेम्प्लेट कुणाचे भारी यावर. जाऊ द्या हो, टेम्प्लेट आता सगळ्यांचेच बरे असतात. डेमो बघताना बुकिंग सांभाळणाऱ्याला शेजारी बसवा आणि समोरच्याला एवढंच सांगा, की ज्यांनी वर्षभरात आमचं एखादं नाटक पाहिलंय पण शनिवारच्या प्रयोगाचं तिकीट अजून काढलं नाहीये, त्यांची यादी काढून दाखवा. इथेच बऱ्याच जणांची गाडी अडकते.

कारण तिकिटांचा डेटा आपोआप येत नसेल तर दरवेळी बुकिंगमधून फाइल डाउनलोड करा, एक्सेलमध्ये साफ करा, परत अपलोड करा, तोवर आणखी वीस जणांनी तिकिटं काढलेली असतात. मग काल पहिल्या रांगेतली चार तिकिटं घेतलेल्या गृहस्थांना आज मेल जातो, 'मोजकीच तिकिटं शिल्लक, त्वरा करा', आणि ते घाबरून फोन करतात की माझं बुकिंग झालंय ना? म्हणून तिकिटांचं सॉफ्टवेअर कुठल्या मेल सिस्टीमशी जोडलं जातं ते आधी बघा. स्पेक्ट्रिक्स हे तिकिटांचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर डॉटडिजिटल आणि मेलचिंप या मेल सिस्टीमशी जोडणी होते, तसं तुमच्याकडे काय होतं ते विचारा. आणि जोडणी दोन्ही बाजूंनी आहे का हेही, म्हणजे कुणी अनसबस्क्राइब केलं, मेल नकोत म्हणून नाव काढलं, तर ते बुकिंगच्या रेकॉर्डला कळतं का.

आता पैसे. कुणी यादीतल्या माणसांवर बिल लावतं, कुणी पाठवलेल्या मेलवर. वर्षातून एकदा महोत्सव असेल, यादी मोठी आणि मेल मोजके, तर ब्रेव्होसारखा, म्हणजे पूर्वीचं सेंडिनब्लू, मेलवर मोजणारा हिशोब बहुधा परवडतो. दर आठवड्याला थोड्याच लोकांना लिहिणार असाल तर उलटं. मेलचिंपमध्ये अनसबस्क्राइब केलेली माणसंसुद्धा बिलात धरली जातात, अर्काइव्ह केल्याशिवाय, म्हणजे चालू यादीतून बाजूला काढल्याशिवाय, सुटत नाहीत, तेव्हा दर काही महिन्यांनी यादी झाडून काढायची.

मेल इनबॉक्सात पोचणं ही वेगळीच भानगड. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केलेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल टाकणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याच डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून, आलाय हे पटवणाऱ्या तांत्रिक नोंदी) तिन्ही लागतं, प्रचाराच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइबची सोय लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. आम्ही कुठे एवढे पाठवतो म्हणाल, पण एसपीएफ किंवा डीकेआयएम छोट्यांनाही लागतंच. तेव्हा संस्थेचं स्वतःचं डोमेन हवं, सेक्रेटरींच्या जीमेलच्या नावाने हजार मेल पाठवायचे दिवस गेले.

आणि कृपा करून अख्खं पोस्टर एकच चित्र म्हणून मेलमध्ये डकवू नका. आपल्या लोकांना हा फार मोह. चित्रं बंद असली की समोर कोरा चौकोन, आणि ज्यांना दिसत नाही त्यांचं स्क्रीन रीडर त्यातली तारीख वाचणार कसं? तारीख, वेळ, तिकिटाची लिंक अक्षरांत लिहा. उलट टोकाला, १०२ केबीपेक्षा मोठा मेल जीमेल मध्येच कापतं, त्यात तळाची अनसबस्क्राइब लिंक दिसेनाशी होते आणि वैतागलेला माणूस सरळ स्पॅमचं बटण दाबतो.

सेल्सवाला ओपन रेटचा, म्हणजे किती जणांनी मेल उघडला त्याचा, आलेख दाखवेल, त्यावर फार भाळू नका. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसीची सोय आणली, ती चालू असली की मेलमधली चित्रं आधीच लोड होतात, म्हणजे न वाचलेला मेलही वाचलेला दिसतो. क्लिक किती आणि त्यातून तिकिटं किती गेली ते विचारा, आणि मेलमधून आलेली विक्री वेगळी दिसत नसेल तर ती सिस्टीम तुमच्या कामाची नाही.

सही करायच्या आधी सोडून जाण्याचंही विचारून ठेवा, पूर्ण यादी बाहेर काढता येते का, ती सुद्धा कुणी मेल पाठवायला कधी परवानगी दिली त्या तारखेसकट. अनसबस्क्राइब केलेल्यांची फाइल वेगळी मागा आणि नव्या सिस्टीममध्ये तीच आधी चढवा, बाकीची नंतर.