सिपारियाच्या बाई

नमस्कार श्रोतेहो.

त्रिनिदाद म्हटलं की मराठी माणसाला आधी क्रिकेट आठवतं. 1971 साली पोर्ट ऑफ स्पेनला सुनील गावसकरांनी एकाच कसोटीत शतक आणि द्विशतक ठोकलं, त्याच्या गप्पा आपल्याकडे अजून रंगतात. आज मी त्याच बेटावरच्या एका बाईंविषयी बोलणार आहे. शाळेत शिकवणाऱ्या बाई. पुढे त्या पंतप्रधान झाल्या, आणि एकदा नाही, दोनदा झाल्या. त्यांचं नाव कमला पर्साद-बिसेसर.

त्यांचे पणजोबा रामलखन मिश्रा 1889 साली बिहारमधल्या बक्सरजवळच्या भेलूपूर गावातून जहाजात बसले आणि गिरमिटिया मजूर म्हणून त्रिनिदादला उतरले. करार उसाच्या मळ्यात राबण्याचा. कमलाचा जन्म 1952 चा, बेटाच्या दक्षिणेकडल्या सिपारियाचा. वडील तेल कंपनीत हिशेब लिहायचे. आईनं काय काय केलं ते ऐका: लोकांच्या घरची धुणीभांडी, उसाच्या शेतात मजुरी, कोकोच्या बागेत मजुरी. पुढे नवराबायकोनं मिळून रोटीचं दुकान थाटलं.

तिथली रोटी म्हणजे आपली पोळी नव्हे. तिथे डाळपुरी असते. शिजवलेली डाळ कोरडी वाटून, जिरं घालून कणकेत भरायची आणि मोठी, पातळ लाटायची. तिखटाची पुरणपोळीच म्हणा ना. तिच्यात चणा-बटाट्याची नाहीतर मटणाची करी गुंडाळून कागदात बांधून देतात. अशा दुकानाच्या गल्ल्यावर किती घरांतली पोरं शिकली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

सोळाव्या वर्षी कमलानं पुढे शिकायला इंग्लंडला जायचं ठरवलं. वडील आणि काका अडून बसले, मुलगी एकटी कशी पाठवायची! आई मात्र ठाम राहिली. कमला लंडनला गेली, तिथे मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत समाजसेविका झाली. लग्नानंतर जमैकात चौदा वर्षं गेली. तिथे विद्यापीठातून पदवी आणि शिक्षणशास्त्राची पदविका घेतली, किंग्स्टनच्या कॅम्पियन कॉलेज या शाळेत शिकवलं. त्रिनिदादला परतल्यावर पुन्हा शाळा, मग वकिली, आणि मग राजकारण. 1995 साली त्या सिपारियाच्या खासदार झाल्या. देशाच्या पहिल्या महिला अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकारीही त्याच.

पण मला त्यांचं जे काम सगळ्यात मोठं वाटतं, ते पंतप्रधानपदाच्या आधीचं आहे. तिथे ‘कॉमन एन्ट्रन्स’ नावाची परीक्षा होती. अकरा-बारा वर्षांची पोरं एका दिवशी पेपर लिहायची, आणि त्या निकालावर कुणाला माध्यमिक शाळेत जागा मिळणार ते ठरायचं. जागा कमी, पोरं जास्त. दरवर्षी हजारो मुलांचं शिक्षण तिथेच खुंटायचं, आणि त्यात गरिबाघरची जास्त. कमलाबाई शिक्षणमंत्री असताना, 2000 साली, परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलाला माध्यमिक शाळेत जागा मिळाली. टीकाही झाली. शाळांत गर्दी झाली, धड वाचता न येणारी मुलं वरच्या वर्गात आली, शिक्षकांची त्रेधा उडाली. ही टीका खोटी नव्हती. तरीही बाराव्या वर्षी पोराला घरी बसवण्यापेक्षा ती गर्दी परवडली, असं मला वाटतं.

आता राजकारण. त्यांचे नेते होते बासदेव पांडे. ऊसमजुरांचे पुढारी, युनायटेड नॅशनल काँग्रेसचे संस्थापक, माजी पंतप्रधान. कमलाबाईंना मंत्रिपद त्यांनीच दिलेलं. पण पक्ष निवडणुका हरत गेला आणि पांडे खुर्ची सोडेनात. जानेवारी 2010 मध्ये पक्षाच्या नेतेपदासाठी कमलाबाई थेट त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिल्या आणि त्यांना चारी मुंड्या चीत केलं.

त्या देशात मतं बरीचशी वंशावर पडतात. भारतीय वंशाचे एका पक्षाकडे, आफ्रिकी वंशाचे दुसऱ्याकडे. हे कोडं एकट्यानं सुटणारं नव्हतं. एप्रिलमध्ये फैजाबाद या तेलविहिरींच्या गावात पाच पक्ष-संघटनांनी करारावर सह्या केल्या. त्यात कामगार संघटनांची माणसं होती, टोबॅगो या त्याच देशातल्या दुसऱ्या बेटाचा पक्ष होता, आणि 1970 च्या कृष्णवर्णीय चळवळीतून आलेली संघटनाही होती. फैजाबाद निवडलं तेही उगीच नाही, 1937 चा तेलकामगारांचा उठाव तिथलाच. पंतप्रधान पॅट्रिक मॅनिंग यांनी मुदतीच्या बऱ्याच आधी निवडणूक लावली होती, ती त्यांच्यावरच उलटली. 41 पैकी 29 जागा आघाडीला मिळाल्या. 26 मे 2010 ला देशाला पहिली महिला पंतप्रधान मिळाली.

जानेवारी 2012 मध्ये त्या भेलूपूरला गेल्या, तेव्हा गाव लोटलं. आपल्या वर्तमानपत्रांत तेवढंच ठळक आलं. घरी मात्र कारभार सोपा नव्हता. 2011 मध्ये खूनमाऱ्या आवरायला आणीबाणी लावावी लागली, मंत्री एकामागून एक बदलावे लागले, आघाडीतले मित्र दुरावले. 2015 ला सत्ता गेली, 2020 लाही आली नाही. पक्षातलेच लोक आता बाईंनी बाजूला व्हावं म्हणू लागले. 2010 मध्ये त्यांनी पांडेंना हेच ऐकवलं होतं, हा योगायोग गमतीचा खरा.

त्या बाजूला झाल्या नाहीत. एप्रिल 2025 मध्ये 41 पैकी 26 जागा जिंकून, वयाच्या 73 व्या वर्षी त्या पुन्हा पंतप्रधान झाल्या. लोकांचा मुख्य राग होता गुन्हेगारीवर. चौदा-पंधरा लाख वस्तीच्या देशात 2024 या एका वर्षात सहाशेहून जास्त खून झाले होते, आणि आधीच्या सरकारनं वर्षअखेरीस आणीबाणी पुकारली होती. नव्या सरकारला जेमतेम अडीच महिने झाले, आणि जुलैमध्ये त्यांनीही पुकारली.

नमस्कार.