खुराडा कोणाच्या नजरेने आखावा?

मित्रहो, आजचा जाहीर विषय 'परसातील खुराड्याचे नियोजन आणि बांधणी' असा आहे. त्याकडे मी येणारच आहे. मात्र त्याआधी मुंगसाविषयी बोलणे भाग आहे, कारण बहुतेक खुराडे कोंबडीच्या सोयीसाठी आखले जातात आणि तिथेच सगळे बिनसते. खुराडा मुंगसाच्या नजरेने आखावा, असे माझे मत आहे.

हे मत मला फुकट मिळालेले नाही. सरकारी नोकरीत पुलांचे नकाशे तपासण्यात हयात गेल्यामुळे पुण्यातील बावधनच्या घरामागील खुराड्याचाही मी प्रमाणबद्ध आराखडा काढला, सागाच्या चौकटी करवून घेतल्या, वर लाल पत्रा घातला आणि चारी बाजूंनी षट्कोनी भोकांची कोंबडीजाळी ठोकली. आमच्या सौभाग्यवतींनी तो पाहून, यात कोंबड्या राहणार की पाहुणे, एवढेच विचारले. सहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, आणल्या. रात्री मांजर येईल या धास्तीने मी विजेरी घेऊन तीन-तीनदा फेरी मारत असे; पण मुंगूस दिवसाउजेडी शिकार करते, हे या अभियंत्याला ठाऊक नव्हते. जुलैतल्या एका सकाळी, मी चहाचा कप हातात घेऊन पावसाकडे पाहत असताना, ते जाळीच्या खालची ओली माती उकरून आत शिरले. मी पोहोचेपर्यंत चार तलंगा गेल्या होत्या, पाचवी दांडीवर मान आखडून बसली होती आणि चौकटीखाली जेमतेम मूठभर रुंदीचे, कडा गुळगुळीत झालेले भोक होते. 1982 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचे मुख्यालय ज्या शहरात आहे, त्या शहरात मला सहा पक्षी पंधरा दिवस सांभाळता आले नाहीत. (हशा) आपण हसलात हे ठीक. पण माझी आजी हेच काम एका डालग्यावर आणि त्यावर ठेवलेल्या दगडावर निभावत असे.

कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. म्हणून अर्ध्या इंची चौकोनी वेल्डजाळी घ्यावी आणि ती जमिनीत फूटभर गाडावी, किंवा बाहेरच्या बाजूस फूट-दीड फूट आडवी पसरून वर माती लोटावी. उकरणारा प्राणी भिंतीच्या अगदी पायथ्याशीच उकरतो आणि तिथेच त्याला जाळी लागते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, पाच मिनिटे उरली आहेत. तेव्हा जाहीर केलेला विषय आता घाईनेच उरकावा लागेल.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे एप्रिलचे ऊन लांब बाजूंवरून थेट आत येत नाही. कोंबडीला घाम येत नसल्याने ती चोच उघडून धापा टाकते. यासाठी वळचणीखाली दोन्ही बाजूंना जाळीची उघडी पट्टी हवी, तिथूनच विष्ठेचा उग्र अमोनियाही निघून जातो. आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, तेव्हा दार पूर्वेला, पत्रा दोन फूट बाहेर आणि तळ दीड फूट उंच असावा. आत पक्ष्यामागे किमान दोन चौरस फूट, बाहेर फिरायला दहा. तळाशी भाताचे तूस तीन-चार इंच पसरून वरचेवर खालीवर करावे. बसण्याची दांडी दोन इंच रुंद, कडा गोलवलेली, प्रत्येकीला नऊ इंच मिळतील इतकी लांब. अंड्यांची पेटी फूटभर लांबी-रुंदी-उंचीची, चार कोंबड्यांना एक पुरते. मात्र ती दांडीपेक्षा खालीच असावी, कारण कोंबडी उंचात उंच जागी झोपते आणि पेटी वर असली तर रात्रभर त्यातच घाण करते.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, त्यामुळे पहाटेची बांग आणि शेजाऱ्यांची तक्रार दोन्ही टळतात. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लस पिलांना पहिल्याच आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात. तिचे वेळापत्रक मी प्रश्नोत्तरांत सांगेन. दाराला कडी दोन ठिकाणी लावा, वर आणि खाली. एकच कडी मध्यावर असली, तर दाराचा खालचा कोपरा जोर दिल्यावर वाकतो आणि बोटभर फट पडते. माझ्या दुसऱ्या खुराड्याच्या दारावर त्या कोपऱ्यात नखांचे ओरखडे अजून आहेत.