रुळाची खाच आणि सायकलचं चाक

नमस्कार श्रोतेहो.

नाशकात ट्राम होती, हे सांगितलं की नातवंडं हसतात. पण होती. 1889 साली सुरू झाली. मेन रोडवरून थेट नाशिकरोड स्टेशनपर्यंत जायची आणि डबे ओढायचे चार घोडे. त्या ट्रामच्या रुळांनी कुणाला पाडलं की नाही, देव जाणे. मला मात्र ट्रामच्या रुळाने पाडलं, तेही मेलबर्नमध्ये.

लेकीकडे गेलो होतो. चाळीस वर्षं शालिमार आणि रविवार कारंजाच्या गर्दीतून सायकल काढलेला माणूस मी, तिथल्या रस्त्यांना काय भिणार? संध्याकाळची वेळ, भुरभुर पाऊस. डाव्या कडेला एक मोटार उभी होती. तिला वळसा घालायला हँडल जरासं उजवीकडे घेतलं आणि पुढचं चाक रुळाच्या खाचेत गेलं. पुढे हँडल माझं ऐकेना. कोपर, गुडघा आणि चाळीस वर्षांचा तोरा, तिन्ही सोलवटून निघाले.

"बाबा, रूळ तिरका नाही, आडवा कापायचा," लेक म्हणाली. डेटॉल लावता लावता.

ट्रामच्या चाकाला आतून एक कड असते, ती बसावी म्हणून रुळाला खाच ठेवावी लागते. खाच जेमतेम चार सेंटिमीटरची, म्हणजे आपल्या सायकलच्या टायरला अगदी मापाची! सायकलवर तोल राहतो तो हँडल सतत थोडं इकडेतिकडे होत असतं म्हणून. चाक अडकलं की तेच थांबतं. त्यात ओलं लोखंड, म्हणजे साबण लावलेली फरशीच. म्हणून शक्यतो काटकोनात जायचं, आणि रुळावर असताना ना ब्रेक दाबायचा, ना वळायचं.

खाचेत रबर का भरत नाहीत, असं मीही विचारलं. भरून पाहिलंय काही ठिकाणी. पण दर काही मिनिटांनी ट्राम जाते तिथे ते लवकर झिजतं.

मला खरं पटलं ते दुसरंच. नुसतं 'आडवा कापा' म्हणून भागत नाही, कापायला जागा हवी. कडेला मोटार उभी असेल तर माणूस तिरकाच जाणार. म्हणून चांगल्या शहरांत सायकलची वाटच रुळाआधी वळवून काटकोनात आणतात आणि तिथे पार्किंग ठेवत नाहीत. मेलबर्नच्या स्वॉन्स्टन स्ट्रीटवर तर सायकलची वाट थांब्याच्या फलाटावरूनच जाते. ट्रामचे दरवाजे उघडले की सायकलवाल्याने थांबायचं, उतारू आधी. मी अर्धा तास बघत उभा होतो. बहुतेक सगळे थांबत होते. आपल्याकडे... असो.

पायी चालणाऱ्यांसाठी तिथे जाहिरातीत स्केटबोर्डवरचा गेंडा दाखवला होता. एका ट्रामचं वजन तीस गेंड्यांइतकं! ती बाजूला वळू शकत नाही, चटकन थांबत नाही आणि आवाजही फार करत नाही. एक गेली म्हणून पाऊल टाकावं, तर तिच्याआडून उलट दिशेची दुसरी येते.

तुम्ही म्हणाल, नाशकात याचं काय? 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आपल्या मेट्रो निओसाठी 2,092 कोटींची तरतूद जाहीर झाली. पण ती रबरी टायरवर, पुलावरून धावायची योजना. रस्त्यात रूळ नाहीतच.

रूळ नाहीत, खाचा आहेत. गटारावरची लोखंडी जाळी बघा. पट्ट्या रस्त्याला आडव्या असतील तर चाक वरून निघून जातं. उभ्या असतील तर मेलबर्नचा रूळच. आमच्या घराजवळच्या वळणावर अशी एक उभी जाळी आहे. चौकोनी आहे, उचलून पाव वळसा फिरवली की झालं. दोन माणसांचं दहा मिनिटांचं काम. अर्ज देऊन दोन पावसाळे गेले. तोवर मी तिथे उतरतो, सायकल हातात धरून जाळी ओलांडतो, आणि मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत राहतो.