पहिली जुलै, १८६५

मंदी म्हटलं की तुम्हाला १९२९ आठवतं, नाहीतर २००८. मला आज आपल्या मुंबईची मंदी सांगायची आहे. ती नीट समजली की बाकीच्या फारशा परक्या वाटत नाहीत.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथल्या दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खरेदीदार मुंबईकडे वळले. भाव इतके चढले, की लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला कापूस विकला, असं सांगतात. हातात आलेला पैसा मग नव्या बँकांत आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्यांत शिरला. बॅकबे कंपनीचा ५,००० रुपये भरलेला शेअर ५०,००० च्या घरात गेला.

आता जरा सावकाश ऐका, कारण खरी गोम इथे आहे. यातले बरेच सौदे वायद्याचे होते. सौदा आज, पैसे १ जुलै १८६५ ला. रोकड फारशी कुणाकडेच नाही. तुमच्याकडून मला येणार, या भरवशावर मी तिसऱ्याला कबूल करून बसलेला, तिसरा चौथ्याला. त्यात बँक ऑफ बॉम्बे शेअर तारण ठेवून कर्ज देत होती. भाव चढला की तारणाची किंमत वाढे, तिच्यावर आणखी कर्ज निघे, आणि त्या कर्जाने पुन्हा शेअर घेतले जात. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडचे सेनापती ली शरण आले, युद्ध संपल्यात जमा झालं. ती बातमी पोचली आणि कापूस कोसळला. १ जुलै उजाडली तेव्हा घेणेकरी सगळेच, देणारा कुणी नाही. पुढे बँकही बुडाली. १८६४ च्या शिरगणतीत शहराची वस्ती ८ लाख १६ हजारांवर होती. १८७२ मध्ये साडेसहा लाखसुद्धा भरली नाही.

फोर्टातला राजाबाई टॉवर बघता ना? त्या काळचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने दिलेला तो पैसा याच तेजीतला. टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला, तोवर प्रेमचंदांचं दिवाळं निघून दशक उलटलं होतं.

पण मला सगळ्यात जास्त बोचतो तो याचा घाटावरचा भाग. तेजीत सावकार कापसावर सढळ हाताने उचल देत होते. तेजी सरली, तसा त्यांनी हात आखडला आणि जुनी बाकी मागायला सुरुवात केली. त्यातच १८६७ पासून शेतसारा वाढला, काही ठिकाणी दुपटीपर्यंत. या कुणब्यांनी बॅकबेचा शेअर कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात ते सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. वह्या आणि कर्जरोखे बाहेर काढून त्यांनी जाळले. हे लोण मग नगरकडे पसरलं. सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले, तिथे बहुधा कुणी त्याच्या अंगाला हात लावला नाही.