झिरपतो म्हणून गार

[कुंभाराचं अंगण. मातीत पाय.]

नागपुरात ऊन चावायला लागतं मार्चमध्ये, पण या अंगणात माठाचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. तळ्याचा गाळ आणायचा, वाळवून कुटायचा, चाळायचा, भिजत घालायचा. मग ही तुडवणी. टाचेनं मधून बाहेर, बाहेरून परत मध्ये. एखादा खडा राहिला तर भट्टीत माठ तिथेच तडकतो, म्हणून पाय खडा शोधत फिरतात. मातीत राख आणि घोड्याची लीद मिसळली आहे. लीद भट्टीत जळून जाईल आणि तिच्या जागी बारीक छिद्रं राहतील. पुढचा सगळा गारवा तिथूनच यायचा आहे.

[गोटा आणि थापी.]

चाकावरून उतरलेला माठ अजून जाडजूड आहे. सावलीत थोडी ओल मेली की खरं काम सुरू. आतून दगडी गोटा, बाहेरून लाकडी थापी. नीट बघा, थापी जिथे पडते, नेमका तिथेच आत गोटा असतो, आणि आतला हात तर दिसतही नाही. थप, थप, थप. भिंत पातळ होत जाते, पोट फुगत जातं. जाड राहिली तर पाणी गार होणार नाही, फार पातळ झाली तर उचलतानाच फुटेल. मोठा रांजण तर एका बैठकीत होतच नाही. मातीचा एक पट्टा चढवायचा, तो आवळू द्यायचा, मग वरचा.

[भट्टी, रात्र.]

खाली गोवऱ्या आणि लाकूड, वर माठ, त्यावर तणस आणि ओल्या मातीचा लेप. हवा खेळती ठेवली तर माठ तांबडा निघतो, भट्टीची तोंडं बुजवून धूर आत कोंडला तर काळा. ही विद्या इथे फार जुनी. नागपूरजवळच्या जुनापाणी आणि माहुरझरीच्या शिळावर्तुळांत, म्हणजे दगडांच्या कड्यांनी वेढलेल्या प्राचीन दफनांत, काळी-तांबडी भांडी सापडली आहेत, दोन हजार वर्षांहून जुनी.

[माठाच्या पोटावरचा ओलावा, जवळून.]

पाणी भिंतीतून झिरपतं, कोरड्या वाऱ्यानं उडतं आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडायला जेवढी उष्णता लागते, तेवढी काढून घेतली तर साधारण 58 लिटर पाणी 10 अंशांनी थंड होईल. 23 मे 2013 ला नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. असलं कोरडं ऊनच माठाला मानवतं. मुंबईच्या दमट हवेत हाच माठ एवढं गार करू शकत नाही.

[गावचं घर, सपरी म्हणजे ओसरी.]

सपरीत रांजण अर्धा जमिनीत पुरलेला, भोवती ओली वाळू, वाळूत कोथिंबीर. तोंडावर लाकडी झाकण, त्यावर पालथा गडवा, म्हणजे तांब्या. बाया विहिरीवरून डोक्यावर पाण्याचे गुंड, म्हणजे हंडे, आणून रांजण भरायच्या. शेतातून आलेल्याला लगेच पाणी मिळायचं नाही. आधी पाय धू, घाम मरू दे, गुळाचा खडा तोंडात टाक, मग पाणी. कोणी उष्टा गडवा रांजणात बुडवला की आजीचा आवाज वेशीपर्यंत जायचा. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं नवी घागर भरली जायची, आणि त्याआधी कित्येक घरांत आंबाही चाखत नसत.

मग फ्रिज आले, पाण्याचे कॅन आले, माती विकत घ्यावी लागू लागली, आणि या अंगणातली मुलं दुसऱ्या कामाला लागली.

[रस्त्याकडेचे माठ.]

आता माठ रंगवलेले, वेलबुट्टीचे मिळतात. तोटी असू द्या, सोयीची आहे. पण तैलरंगानं छिद्रं बुजतात, आणि गोटा-थापीची ती सगळी मेहनत वाया जाते. कोरा माठ घ्या. बोटानं वाजवून बघा, खणखणीत वाजला पाहिजे. भद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. रात्रभर भिजवा, पहिलं पाणी झाडांना घाला, बाहेरून काथ्यानं घासा, साबण नको. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं भरतात, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात नवा माठ घ्या. आणि त्याच्या भावात घासाघीस करू नका.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सरून मृग लागला की हवा दमट होते, माठाचं गिऱ्हाईक थांबतं. मग याच अंगणात पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट आणि दिवाळीच्या पणत्या.