आश्विनातलं शेत आणि इस्पितळाची खिडकी

नमस्कार मंडळी. सकाळचे साडेसहा वाजलेत आणि मागे दिसतंय ते आमच्या फोंड्याकडचं शेत. वाऱ्याचा आवाज येईल, येऊ दे.

गेल्या वर्षी याच दिवसांत बाबा इस्पितळात होते. अठरा दिवस. रात्र तिथे, सकाळी घरी आंघोळीपुरतं यायचं, परत धाव. कुणी नुसतं "कसे आहेत?" विचारलं तरी मला रडू फुटायचं. एका सकाळी मी या बांधावर स्कूटर थांबवली, फोन डिकीत टाकला आणि उभी राहिले. मग रोजच थांबू लागले. दहाच मिनिटं.

फोटोंतला परदेशी शरद म्हणजे लाल-पिवळी पानगळ. आपल्याकडे पानं गळतात ती माघ-फाल्गुनात. आपला शरद दाणा भरण्याचा. गोव्यात पावसाळी भातशेतीला सरद म्हणतात, नंतरची ती वायंगण. सरद म्हटलं की मला त्यात शरदच ऐकू येतो.

(लोंबी जवळून) हे बघा. दाणा नखाने दाबला की पांढरं दूध येतंय. आठवड्याने इथेच पिठूळ लागेल, मग कडक, आणि लोंबी वजनाने वाकेल. मी रोज एकच दाणा दाबून बघायचे. रिपोर्ट काय येणार ते माझ्या हातात नव्हतं, पण दाणा भरतोय हे बोटांना कळत होतं. तुम्हीही एकच काहीतरी धरा, रोज तेच बघा. श्वास सोडताना जरा लांबवा, त्याने छातीतली धडधड उतरते. जायचं ते सकाळीच. दुपारचं ऊन पित्त खवळवतं, हे आजीचं म्हणणं मला पुरतं पटलंय. आणि झोप आठवडेच्या आठवडे उडाली असेल तर डॉक्टरकडे जा, नुसत्या शेतावर विसंबू नका.

1984 मध्ये रॉजर अल्रिच या संशोधकाने पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. 23 जणांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, 23 जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, त्यांना वेदनेची तीव्र औषधंही कमी लागली. रुग्ण मोजकेच होते, त्यावरून सगळं ठरत नाही. पण हे वाचलं तेव्हा मला बाबांची खिडकी आठवली. तिच्यातून पार्किंगची भिंत दिसायची.

म्हणून मी अंगणातला प्राजक्त रुमालात बांधून न्यायला लागले. पहाटे पडलेला, दव असलेला. बाबा तेव्हा फारसे बोलत नव्हते. त्यांनी एक फूल उचललं, केशरी देठ दोन बोटांत चुरडला, बोटांना लागलेला रंग बघत राहिले. मग म्हणाले, "कापणी लागली गो?"

"नाही बाबा. दाणा अजून पिठूळ आहे."

"मग चार दिवस थांबूया," म्हणाले.